दोन टक्के युरिया आणि माझ्या शंका

आता हे सांगितलं तर तुम्ही हसणार, आणि पोटात ठेवलं तर मला अन्न पचणार नाही. तेव्हा चहा घ्या आणि ऐका.

मक्याच्या पानांवर युरिया फवारला तर पीक त्यातलं नत्र किती उचलतं, एवढ्याशा प्रश्नावर मी सहा वर्षं घालवून पीएचडी मिळवली. पुढे निवृत्तीपर्यंत तेच शिकवलं. आणि इकडे परदेशात, बेडोकला मुलाकडे राहायला आलो, तर कुंडीतल्या सहा रोपांनी ती सगळी विद्या धुऊन काढली.

आमच्या इमारतीखाली रहिवाशांची सामाईक बाग आहे. तिथे आमच्याच मजल्यावरच्या लिम आंटींच्या कुंड्या असतात. बाई माझ्याच वयाच्या, पण सगळे आंटी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. त्या आठ दिवस लेकीकडे मलेशियाला निघाल्या होत्या. लिफ्टमध्ये भेटल्या, तर आमच्या हिने कोणी विचारलेलं नसताना सांगून टाकलं, "यांनी मक्यातच डॉक्टरेट केलीय."

आंटी खूश. म्हणाल्या, "मग प्रोफेसर, माझा मका तुमच्याकडे. रविवारी बागेचं प्रदर्शन आहे, त्यात ठेवायचाय. फक्त पाणी घाला, हं. फक्त पाणी."

खाली जाऊन बघतो तर काय, पानं फिकट पडलेली. हिरव्यात लांबच लांब पिवळट पट्टे, मध्येच गुलाबी झाक. असला आजारी मका बाई प्रदर्शनात मांडणार? आणि लोक विचारणार, सांभाळला कोणी, तर डॉक्टरेटवाल्याने!

आता खरं सांगतो. नत्र कमी पडलं की आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. शेंड्यापासून मधल्या शिरेने आत. हे मी किती वर्गांना घोकून घेतलंय. इथे तर खालपासून वरपर्यंत सगळ्याच पानांवर पट्टे. लक्षण जुळत नव्हतं. शहाण्या माणसाने म्हटलं असतं, मग हे नत्र नव्हे. मी म्हटलं, माझंच पाठांतर चुकत असेल.

पुण्याला एका जुन्या विद्यार्थ्याला फोटो पाठवून फोन केला. तो आता विभागप्रमुख आहे. म्हटलं, "मला नत्राची कमतरता वाटते. तुला काय वाटतं?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "सर, तुम्ही प्रत्यक्ष बघितलंय. तुम्ही म्हणताय म्हणजे नत्रच असणार."

ती शांतता मी नेटवर्कवर ढकलली.

नर्सरीतून युरियाची पुडी आणली. दोन टक्के द्रावण, म्हणजे लिटरभर पाण्यात वीस ग्रॅम. सूनबाईच्या, मृणालच्या केकच्या काट्यावर मोजलं आणि ऊन उतरल्यावर फवारलं. दुसऱ्या दिवशी पाच वेळा लिफ्टने खाली-वर केलं. पट्टे होते तिथेच.

"अहो, आंटींनी पाणी सांगितलंय," ही म्हणाली.

"यात पाणीच जास्त आहे."

पण मनात किडा वळवळायला लागला. काटा बरोबर दाखवतो का? शंकेपोटी पाच ग्रॅम वाढवला. दुपारच्या सरीने पानं धुतली असतील, त्याबद्दल आणखी पाच. पुडी जरा ओलसर लागली, युरियाचा जोर गेला असेल, त्याचे दहा. म्हणजे बघा, युरिया वीस ग्रॅम आणि वर शंकाच वीस ग्रॅम! दोन टक्क्यांच्या पुढे गेलात तर पानं करपतील, हे परीक्षेत लिहिलं नाही म्हणून मी पोरांचे गुण कापलेत.

"बाबा, काटा धुवून ठेवा हं," मृणाल म्हणाली. "मला त्याच्यावर साखर मोजायची असते."

ओळीने तीन दिवस फवारलं. शुक्रवारी पट्टे जिथल्या तिथे, फक्त पानांचे शेंडे तपकिरी, कागदासारखे कुरकुरीत. मी कुंड्यांसमोर बसून राहिलो. एवढी वर्षं चुकीचं शिकवलं की काय? त्या मुलांनी ते कुठे कुठे जाऊन वापरलं असेल?

शनिवारी आंटी आल्या. मी सगळं कबूल केलं. त्या घरात गेल्या आणि बियांचं रिकामं पाकीट घेऊन आल्या. त्यावर मक्याचं चित्र. तेच पट्टे, तीच गुलाबी झाक.

"प्रोफेसर, हा शोभेचा मका आहे. असाच असतो. या पट्ट्यांसाठीच तर मी बी मागवलं."

मला जमीन दुभंगावी असं झालं, पण आम्ही दहाव्या मजल्यावर होतो.

आंटींनी खाली बागेत जाऊन कात्रीने करपलेले शेंडे कापले आणि मला शिक्षा सुनावली. रविवारी दिवसभर प्रदर्शनातल्या टेबलामागे मी उभं राहायचं, आणि येईल त्याला सांगायचं की मका आजारी नाही.

उभा राहिलो. ही शेजारी खुर्ची टाकून बसली, मजा बघायला.

दुपारी जवळच्याच पाया लेबार भागातून एक मराठी गृहस्थ आले. वाकून पानं न्याहाळली आणि ठामपणे म्हणाले, "नत्र कमी पडलंय. युरिया फवारा, दोन दिवसांत हिरवागार होईल."

काय सांगू तुम्हाला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे जाणकार माणूसही फसू शकतो! त्यांचा हात धरून विचारलं, "आपण कृषीशास्त्रातले?"

"छे हो, मी जन्मभर बँकेत. मक्यातलं मला काय कळतंय? आपलं अंदाजाने बोललो."

ही खुर्चीतून म्हणाली, "बघा, यांना पीएचडी न करताच जमलं."