टेलरमास्तरांचं वाढत्या अंगाचं कार्ड

टेलरमास्तरांनी पहिल्याच भेटीत माझा गळा धरला. दोन साम्राज्यांचे सेनापती सीमेवर समोरासमोर यावेत तसे आम्ही त्यांच्या दुकानाच्या उंबऱ्यावर उभे होतो. माझ्या हातात शर्टाचं कापड, त्यांच्या हातात टेप. मी नाव सांगायच्या आत टेप मानेभोवती आवळली गेली, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पाताळातून यावा तसा आवाज आला, "श्वास सोडा. कॉलर श्वास सोडून मापतात." मी सोडला. तो परत घ्यायची परवानगी मिळेपर्यंत माझी छाती, कंबर, बाही आणि बहुधा स्वभाव यांची मापं घेऊन झाली होती. "पोट आत ओढू नका," ते म्हणाले, "शर्टाला सगळं कळतं." त्या दिवसापासून मी त्यांचा.

असा हा माणूस. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या चालीवरून त्याच्या पँटची उंची सांगणारा. तो वीतभर लांबीच्या एका वस्तूपुढे पार चक्रावून गेला.

झालं होतं असं, की मास्तरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, सिनेमाचं वेड. थेटरात बसल्या की पडद्यावरच्या लोकांना सूचना द्यायच्या, "अरे, मागे बघ ना." पण गुडघे दुखायला लागले आणि थेटरच्या पायऱ्या सुटल्या. मग त्या मोबाइल हातभर लांब धरून सिनेमा बघायच्या आणि अवाक्षर बोलायच्या नाहीत. हे न बोलणंच मास्तरांना टोचायचं. एकदा जेवताजेवता ते बोलून बसले, "थेटर घरी आणतो."

"कधी?" वहिनी म्हणाल्या.

"रविवारी."

जावयाने आपल्या ऑफिसातला जुना, चपटा कॉम्प्युटर दिलेला होता. तो मोठ्या टीव्हीला जोडला. सिनेमा लागला, पण नायिका आधी रडायची आणि तिचं तोंड मागाहून हलायचं. मास्तरांनी जावयाला फोन लावला.

"मामा, ग्राफिक्स कार्ड टाका," जावई म्हणाला. "पडद्यावर चित्र उमटवायचं काम ते करतं. स्वस्तातलं चालेल. फक्त बघून घ्या."

"काय बघून?"

"बसेल असं," जावई म्हणाला आणि मीटिंगला गेला.

दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मास्तर कार्डाबद्दल विचारू लागले. हा म्हणाला चार जीबीचं घ्या, तो म्हणाला दोन खूप झालं, एकजण म्हणाला कार्ड लागतच नाही, एकाने तर मास्तरांना टीव्हीच बदलायला सांगितला. सगळ्यांचे आकडे मास्तर कापायच्या टेबलावर खडूने लिहीत गेले. त्याच टेबलावर गिऱ्हाइकांची मापंही लिहिलेली होती. शनिवारी कोणती छाती आणि कोणतं कार्ड, हे खुद्द मास्तरांना सांगता येईना. शेवटी ते कॉम्प्युटरच्या दुकानात निघाले आणि मी सोबत म्हणून गेलो. मला यातलं काडीचं कळत नाही, पण दोघांनी मिळून गोंधळलेलं बरं दिसतं.

"बजेट?" दाढीवाल्या दुकानदाराने विचारलं.

"बेताचं," मास्तर म्हणाले.

"कॅबिनेट केवढी आहे?"

मास्तर खुलले. अखेर कोणीतरी माप विचारलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरची लांबी, रुंदी, उंची पाव इंचासकट सांगितली.

"हे बाहेरून झालं, काका. मला आतली जागा पाहिजे."

"आतून कोण माप घेतं? आम्ही माणसं बाहेरूनच मापतो."

दुकानदाराने एक छोटं कार्ड पुढे केलं. पंखा नाही, आवाज नाही, पत्र्याची पट्टी अर्ध्या उंचीची. "चपट्या कॅबिनेटसाठी हेच. सिनेमाला पुरे."

मास्तरांनी ते अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून कापडासारखं चोळलं. "आटलंय का हे?"

"तेवढंच असतं."

"आणि ते?" त्यांनी शेजारच्या, पंखा लावलेल्या पूर्ण उंचीच्या कार्डाकडे बोट दाखवलं.

"ते मोठ्या कॅबिनेटचं."

"तेच द्या. वाढत्या अंगाचं असलेलं बरं."

"काका, कॉम्प्युटर वाढत नाही."

"प्रत्येक बाप असंच म्हणतो," मास्तर म्हणाले, "आणि वर्षभरात पोराचे घोटे उघडे पडतात."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

घरी आल्यावर कार्ड खाचेत बसलं, पण वर उंटाच्या मदारीसारखं उभं राहिलं आणि झाकण काही लागेना. "ट्रायलला असं चालतं," मास्तर म्हणाले. सिनेमा लावला तर खरोखर झुळझुळ वाहिला. पण उघड्या तारा त्यांना बघवेनात. अस्तर बाहेर आलेला कोट घालून कोणी घराबाहेर पडतं का? रात्री बसून त्यांनी उरलेल्या गरम सुटिंगची खोळ शिवली. आतून अस्तर, कडेला पायपिंग, तारांसाठी काजं. अशी बेतशीर खोळ मी माणसांच्या अंगावरही पाहिलेली नाही.

रविवारी दुकान बंद. वहिनी पाय स्टुलावर ठेवून बसल्या आणि लवकरच नायकाला सूचना देऊ लागल्या. मास्तर सिनेमा बघतच नव्हते, वहिनींकडे बघत होते. मध्यंतराच्या जरा आधी पडदा काळा झाला.

वीज होती, तारा जागेवर होत्या. मी दुकानदाराला फोन लावला.

"हवा लागतेय ना?" तो म्हणाला.

"खोलीतला पंखा फुल आहे," मास्तर माझ्या खांद्यावरून ओरडले.

वहिनी भिंतीला धरत उठल्या आणि त्यांनी खोळीवर हात ठेवला. "अहो, तापलाय हा. याला कोट कशाला घातलात?"

"उघडा बरा दिसत नव्हता."

"मग काय अंगरखा शिवून बारशाला नेताय?" वहिनींनी खोळ ओढून काढली, पुठ्ठ्याने वारा घातला आणि पुन्हा बसल्या. थोड्या वेळाने चित्र आलं. उघडा पंखा घरघरत राहिला आणि सिनेमा पुरता संपला.

"कसा वाटला?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"काही खास नव्हता," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. आता त्या बहिणीबरोबर थेटरात जातात.