बुसानची बोट आणि अठरा वाट्या

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. बुसानला जाऊन मी स्वतःची जी शोभा करून घेतली, ती मंजिरीने, म्हणजे आमच्या बायकोने, लंडनजवळच्या आमच्या गावाला, अर्ध्या स्लाऊला, सांगितलीच आहे. आता आरोपीच्या तोंडून ऐका.

मला बोटींचं वेड. वेअरहाउसमध्ये दिवसभर स्क्रीनवर कंटेनरचे नंबर बघणारा माणूस मी. ते कंटेनर ज्या बंदरातून निघतात, ते एकदा पाण्यातून बघायचं, हे माझं कित्येक वर्षांचं स्वप्न. म्हणून कोरियाच्या सुट्टीत मुद्दाम बुसानची एक दिवसाची गाइडेड टूर घेतली. त्यात अडीच वाजता बंदराची बोट होती. मंजिरीला बोट लागते. तुझ्यासाठी येते, पण कौतुकाची अपेक्षा ठेवू नकोस, असं तिने निघतानाच बजावलं होतं.

आमची गाइड मिंजी. पोरगी काय हुशार, सांगू! सकाळी डोंगरउतारावरची निळी-गुलाबी घरं दाखवली, समुद्राच्या खडकांवरचं देऊळ दाखवलं, आणि एकदाही आवाज न चढवता आम्हा आठ जणांना प्रत्येक वेळी वेळेवर बसमध्ये बसवलं. आपल्याकडच्या एखाद्या लग्नाची व्यवस्था तिच्या हातात द्यायला हवी. शहरही तसंच. एकीकडे डोंगर, दुसरीकडे समुद्र, मध्ये काचेचे टॉवर, आणि रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. मी तर प्रेमातच पडलो.

एक वाजता जेवायला थांबलो. मासळीबाजाराच्या वरच्या मजल्यावर, बंदराकडे तोंड करून असलेली छोटी खाणावळ. तिथल्या मालकीणबाईंना इमो म्हणायचं, असं मिंजीने सांगितलं. इमो म्हणजे मावशी. साठीच्या, ठेंगण्या, हातात कायम चिमटा. भाजलेला मासा आला, भात आला, आणि माझ्यासमोर सहा छोट्या वाट्या. पालक, मुळा, मोडाचं काहीतरी, गोडसर बटाटा… अहो, आपल्या ताटाची डावी बाजूच की ती! मला भरून आलं.

आता आमच्या घरचं वळण असं, की पानात टाकायचं नाही. मी सहाही वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. इमोंनी बघितलं, त्यांचा चेहरा खुलला, आणि त्यांनी सहाही पुन्हा भरल्या.

वाढलंय म्हटल्यावर टाकणार कसं? पुन्हा संपवल्या. त्या तिसऱ्यांदा भरायला आल्या, तेव्हा मी पंगतीत धरतात तसे दोन्ही हात वाट्यांवर आडवे धरले. त्यांनी ते हात प्रेमाने बाजूला केले आणि बटाट्यापासून सुरुवात करून सहाही भरल्या. सांगा, यापेक्षा आपलं माणूस कोण असतं?

आमच्या ग्रुपमध्ये लीड्सचा एक डेरेक होता. तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "नो रश, मेट. टेक युअर टाइम." इतकी वर्षं इंग्लंडमध्ये काढल्यावर मला कळायला हवं होतं, की इंग्रज असं म्हणाला की ताबडतोब उठायचं असतं.

मंजिरी कानाशी पुटपुटली, "सव्वादोन झाले. ठेव ते."

"पानात टाकू? त्यांना काय वाटेल?"

"त्यांना काही वाटत नाही. बोट तुझी आहे."

शेवटी मिंजी माझ्याशेजारी येऊन बसली. चूक जणू तिचीच आहे अशा सुरात तिने समजावलं, की इथे वाटी रिकामी दिसली की पुन्हा भरतात. पोट भरलं की थोडं ठेवायचं. आणि मग हळूच म्हणाली, "सर, इमोंना वाटतंय तुम्ही फार भुकेले आहात. त्यांनी स्वतःच्या जेवणासाठी ठेवलेला मासा तुमच्यासाठी भाजायला टाकलाय."

आता बोला! एका बाईने आपल्या तोंडचा घास माझ्यासाठी जाळावर ठेवलाय, आणि मी उठून बोट पकडू? मी छाती पुढे काढून सांगितलं, तुम्ही सगळे व्हा पुढे, मी पाच मिनिटांत धावत येतो.

मंडळी, अठरा वाट्या आणि दोन मासे पोटात घेऊन कोणी धावलंय का? मी खुर्चीतून अर्धा उठलो तोवर भोंगा वाजला. माझी बोट माझ्याशिवाय निघाली. मला इतकं वाईट वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. इमोंना वाटलं तिखट लागलं. त्यांनी समोर बसून मला नासपती कापून दिली, आणि मी तीही संपवली.

तासाभराने मंजिरी परत आली. तिला बोट लागलीच नव्हती. केस विस्कटलेले, गाल लाल.

"काय बंदर आहे रे," ती म्हणाली. "तू सांगायचास त्याच्या दुप्पट सुंदर. आणि मिंजी काय माहिती देते! हे बघ."

तिने फोन पुढे केला. उंचच्या उंच क्रेन, लाल-निळे कंटेनर, मागे डोंगर. बघून मी हळहळतोय, तेवढ्यात कॅमेरा वळतो आणि झूम होत होत एका खिडकीवर थांबतो. मागून मिंजीचा गाइडचा गोड आवाज: "डावीकडे बुसानचा मासळीबाजार. वरच्या मजल्यावर, तिसऱ्या खिडकीत, आमचे लंडनजवळचे पाहुणे. अजून जेवताहेत."

आणि अख्खी बोट फोटो काढायला डावीकडे येते.