आगीला सामोरी गेलेली आग

वणव्यानंतरच्या पावसाळ्यात गावातल्या लोकांच्या आठवणी मोबाइलवर नोंदवायचं काम मी घेतलं. निवृत्त शिक्षक म्हणून वाचनालयाच्या पोरांनी मलाच पुढे केलं. आमचं गाव सडक अर्जुनीपासून आत, जंगलाला टेकून. मोहफुलांच्या दिवसांत भर दुपारी जंगल पेटलं, वारा गावाच्या दिशेनं होता, आणि माणसं डांबरी रस्त्याकडे पळाली. एवढं सगळ्यांचं सारखं. पुढचं ज्याचं त्याचं.

एका म्हाताऱ्यानं आजारी बायको पाठीवर घेतली होती. "रस्ताभर शिव्या देऊन राह्यली, गुरुजी. म्हणे, हळू चाल, मी का धानाचं पोतं आहो? म्या म्हटलं, देऊ दे. शिव्या देते म्हंजे जिती आहे."

पण प्रत्येकाची गोष्ट शेवटी एकाच ठिकाणी येई : बोडीजवळ, म्हणजे गावच्या लहान तळ्याजवळ, राहणाऱ्या विधवेनं आग लावली. मोह वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळायची आमच्याकडे रीत आहे, त्यामुळे ते पटायचंही. येत्या मोसमात तिची मोहाची झाडं दुसऱ्यांना द्यायचं गावानं जवळजवळ ठरवलं होतं. त्या फुलांवर तिचं निम्मं वर्ष निघे.

ही गोष्ट गावाला मी दिली होती. चौकशीला आलेल्या माणसाला मी म्हणालो, "तिला काडी लावताना मी पाहिलं."

पाहिलं होतंच. गायीचं दावं सुटेना म्हणून मी मागे राहिलो होतो. वणवा बोडीपलीकडे आला तेव्हा ती तळ्याच्या पाळीवरून खाली उतरली आणि कोरड्या गवताला ओळीनं आग लावत गेली. येणाऱ्या आगीला खायला काही उरू नये म्हणून. ही युक्ती आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वाऱ्यात ती करायची छाती कोणाची झाली नाही. गाव वाचलं, पण तिच्या आगीत माझी तणीस, गायीसाठी रचलेला धानाचा पेंढा, जळाली. त्या रागात मी पुढचं वाक्य बोललोच नाही. मग गाव माझंच अर्धं बोलणं बोलू लागलं, आणि उरलेलं सांगायची मला लाज वाटू लागली.

झाडांचा निकाल लागायचा त्या सकाळी मी चावडीत उभा राहून सगळं सांगितलं.

"मंग इतके महिने काऊन मुके होते?" एकानं विचारलं.

"तणशीसाठी," मी म्हणालो.

"वा रे गुरुजी! तुमच्या तणशीपायी बाईचे झाडं चालले होते!"

झाडांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. तिची झाडं तिच्याकडेच राहिली.

दुपारी मी मोबाइल घेऊन तिच्या ओसरीत गेलो. मी माफी मागू लागलो तर तिनं हातानंच थांबवलं. "ते राहू द्या. मी सांगू काय? आग लावली न् बोडीच्या चिखलात तोंड खुपसून पडली. मी काही पायलंच नाही. तुमी पायलं. सांगा न, कशा भेटल्या दोघी?"

हे मी चावडीतही सांगितलं नव्हतं. तिची आग गुडघ्याएवढी, वाऱ्याविरुद्ध रांगणारी. मोठी जवळ आली, तिनं हवा ओढली, आणि ही लहानगी एकाएकी उठून तिच्याकडे धावत सुटली. दोघी मोहाच्या शेंड्यांएवढ्या उंच उठल्या. एक लांब श्वास घ्यावा तसा आवाज झाला. मग काहीच नाही. काळी जमीन, उभा धूर. पाळीवरच्या झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. दावं हातात धरून मी तसाच उभा होतो. इतक्या आयुष्यात मी असं काही पाहिलेलं नाही.

"पयले कोन धावली? माह्यी?"

"तुमचीच, बाई."

ती जरा जवळ सरकून बसली. मग म्हणाली, "पुन्ना सांगा."