पगार योग्यतेनुसार

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. दातवाल्या बाईंचं भरत होतं, जेमतेम का होईना. गल्लीत त्यांना हेच नाव पडलं होतं, कारण लग्नाआधीपासून त्या कवळ्या बनवण्याच्या एका लॅबमध्ये कामाला होत्या. लॅब म्हणजे औषधाच्या दुकानामागच्या दोन खोल्या. एकीत प्लास्टरची धूळ आणि प्लास्टरवाला, दुसरीत खिडकीशी बाईंचं टेबल. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे आणि बाई गुलाबी मेणात एकेक दात बसवायच्या. हात असा की हे दात खरे नाहीत, याची कवळी घालणाऱ्याच्या बायकोलाही आठवण करून द्यावी लागे.

रुजू होताना त्यांनी पगाराचं विचारलं तेव्हा मालक म्हणाले होते, "बघू." बघतील म्हणाले म्हणजे बघतील, असं समजून बाईंनी पुन्हा विचारलं नाही. मालक अजून बघत होते.

एका संध्याकाळी नणंद फोनवर जाहिरात घेऊन आली. मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबला अनुभवी माणूस हवं होतं. सगळं लिहिलं होतं, कामाच्या वेळा, सुट्ट्या, कँटीनसुद्धा. पगारापुढे मात्र "योग्यतेनुसार".

"आणि योग्यता कोण ठरवणार? तेच," बाईंचा नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि जगाकडे, कधीही अडकेल अशाच नजरेने बघायचा. "ज्याला द्यायचेत तो छातीठोक आकडा लिहितो. न लिहिणारा घासाघीस करणार."

"मग करू दे ना! वहिनी, दुकानात भाव लिहिलेला नसला तर आपण विचारतोच की."

"मी नाही विचारत," बाई म्हणाल्या. "विचारलं की घ्यावंच लागेल असं वाटतं."

हे अगदी खरं होतं. भावाची चिठ्ठी नसलेल्या दुकानाची पायरी बाई चढत नसत. एकदा चपलेची किंमत विचारली म्हणून नको असलेली चप्पल त्यांनी दोन वर्षं वापरली होती.

"धन्य आहेस वहिनी," म्हणत नणंदेने जाहिरात बाईंच्या फोनवर पाठवून दिली. बाई रोज ती उघडायच्या, 'योग्यतेनुसार'पर्यंत यायच्या आणि फोन पालथा ठेवायच्या. अर्ज केला आणि त्यांनी घेतलं तर? आकडा इथल्यापेक्षा कमी निघाला तर? 'नाही' म्हणणं बाईंना जन्मात जमलं नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं त्यांचं झालं होतं.

मग एका सकाळी एका आजींची कवळी तिसऱ्यांदा परत आली. अजून मेणातच होती. तशीच रीत असते. दात आधी मेणात बसवून पाठवायचे, तोंडात घालून बघायचे, पसंत पडले तरच मेण उकळून काढून पक्कं प्लास्टिक भरायचं.

"पुन्हा?" प्लास्टरवाला वैतागला. "त्यांना घ्यायचीच नसेल."

"अहो, घ्यायची की नाही ते कळावं म्हणूनच तर मेणात पाठवतो," बाई म्हणाल्या. "आत्ता नको म्हटल्या तर कुणाचं काय बिघडलं?"

असं म्हणाल्या आणि हातातली मेणाची सुरी तशीच धरून बसून राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी, त्यांनी अर्ज पाठवून दिला.

चार दिवसांनी फोन आला. पलीकडच्या मॅडम गोड बोलत होत्या. काम कुठलं येतं, हे विचारून झाल्यावर म्हणाल्या, "आणि सध्या तुम्हाला किती मिळतात?"

बाई सांगणारच होत्या. पण इथला आकडा सांगितला की तो तिथेही पाठोपाठ येणार, एवढं त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं. "मॅडम, तुम्ही लिहिलं नाहीत ना," त्या म्हणाल्या, "मग आधी तुम्ही सांगा."

आपण हे बोललो यावर बाईंचाच विश्वास बसेना. पलीकडून आधी हसू आलं, मग आकडा. इथल्याच्या दीडपट होता. आनंद झाला, पण नंतर. आधी राग आला, आणि तो नेमका कुणाचा ते बाईंना कळेना.

"विचार करून कळवते," त्या म्हणाल्या. आणि खरंच विचार करायचा होता. ओळखीचं टेबल, ओळखीची खिडकी, मालकही तसे वाईट नव्हते. दिवसभर जीव घुटमळला. संध्याकाळी त्या मालकांकडे गेल्या आणि जे होतं ते आकड्यासकट सांगितलं.

मालक मनापासून हसले. "एवढंच ना? अहो बाई, एवढे तर मीही दिले असते. कधी मागितलेत का?"

नव्हते मागितले. तेही खरंच होतं. पण बाईंच्या मनाला लागलं ते वेगळंच. पैसे होते, इथेच, इतकी वर्षं, आणि हा माणूस ते हसत सांगत होता.

"उद्यापासून देतो, चला," मालक म्हणाले.

"नको," बाई म्हणाल्या.

शब्द सहज निघाला. त्या टेबलाशी परत गेल्या, आजींचा पुढचा दात जरासा आत घेतला आणि कवळी डब्यात भरली. मेणाची सुरी त्यांची स्वतःची होती. ती पुसून त्यांनी पर्समध्ये टाकली.