न चाखणारा आचारी

मेलबर्नला विल्यम्सटाउनच्या धक्क्यावर इंग्रिडचं रेस्टॉरंट आहे. बोटी बघत बसायचं, मागच्या खोलीत इंग्रिडने स्वतः केलेली बीअर प्यायची आणि स्वीडनच्या आज्या करतात तसं पोटभरीचं जेवायचं. मलईच्या रश्शातले मीटबॉल, लोण्यात घोटलेला बटाटा, शेपू घातलेला सॅमन मासा. हो, शेपूच. आपल्याकडे ज्याचं नाव काढलं की पोरं ताटावरून उठतात, त्याला तिथे माशाच्या डोक्यावर मानाने बसवतात. आणि हे सगळं रांधतो कोण, तर आमचा दत्तप्रसाद, ज्याने जन्मात अंडंसुद्धा तोंडात घातलेलं नाही.

त्याचे वडील कृष्णाकाठच्या एका दत्तमंदिरात सोवळ्याने नैवेद्य रांधत. नैवेद्य देवाआधी चाखायचा नाही. मुद्दाम वासही घ्यायचा नाही. "पण आपणहून आला, तर नाक कापून ठेवायचं का?" असं ते म्हणत. मिठाला वास नसतो म्हणतात. त्यांना तो यायचा. हे नाक पोराने उचललं. पुढे पीआरच्या, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्याच्या, आशेने मेलबर्नला कुकरीचा कोर्स करायला आला आणि पहिल्याच आठवड्यात समोर कोंबडी आली. त्याने घाबरत घरी फोन लावला. वडिलांनी एवढंच विचारलं:

"तू खाणार नाहीस ना?"

"नाही, बाबा. शब्द देतो."

"मग रांध. भुकेल्याला घालण्यात पाप नाही."

इंग्रिडने कामावर घेण्याआधी त्याला मीटबॉल करायला लावले होते. हा पठ्ठ्या पातेल्यावर वाकून नुसता हुंगत होता. "यू डिडन्ट टेस्ट!" ती ओरडली. "नो वरीज, आय स्मेल," हा म्हणाला. तिने एक खाल्ला, दुसरा खाल्ला आणि तिसरा तोंडात असतानाच म्हणाली, "सोमवारपासून ये." त्याने वडिलांना न खाण्याचा शब्द दिलाय, हे कळल्यावर तिने पुन्हा कधी चमचा त्याच्यापुढे धरला नाही.

मग कोविड आला. खुर्च्या टेबलांवर उलट्या चढल्या. दत्तप्रसाद डबे भरायचा आणि साठी ओलांडलेली इंग्रिड आपल्या गाडीतून ते घरोघर पोचवायची. एक लॉकडाउन संपला की दुसरा उभा. पण 'उद्यापासून येऊ नकोस' हे वाक्य काही तिच्या तोंडून आलं नाही. हा माणूस तेव्हापासून तिच्यावर जीव टाकतो. दोन हजार एकवीसच्या शेवटी दारं उघडली आणि लोक दुष्काळातून आल्यासारखे तुटून पडले. आणि जानेवारीत, सगळं मार्गी लागतंय असं वाटत असताना, कोविड दत्तप्रसादच्या क्रेगीबर्नच्या घरी पोचला.

ताप दोन दिवसांत उतरला. "हिंग संपला का गं?" त्याने बायकोला विचारलं. सुनेत्रा फोडणीसमोरच उभी होती.

"दत्ता, आत्ताच घातलाय."

तिने हिंगाची डबी त्याच्या नाकाशी धरली, त्याने नकारार्थी मान हलवली.

"इंग्रिडला सांगून टाक," ती म्हणाली.

"काय सांगू? शेफचं नाक गेलंय? दोन वर्षं कशीबशी तगलीये ती, सुनेत्रा."

विलगीकरणाचे दिवस संपल्यावर तो नाकाचं न सांगताच कामावर गेला. पहिले काही दिवस हातांच्या सवयीवर निभावले. शनिवारी दुपारी मात्र सगळी टेबलं भरली होती आणि रश्शात मलई ओतल्यावर त्याच्या मनात पाल चुकचुकली. ही आंबली तर नाही? एरवी डबा उघडताच कळलं असतं. त्याने नाक खुपसलं, नुसती वाफ. बाहेर साठ माणसं, आणि इंग्रिडने डबे वाहून वाचवलेलं हॉटेल. सकाळी चहा गोड लागला होता, म्हणजे जीभ तरी परत आली असेल, असं त्याने धरलं. डोळे मिटून मनात बाबांची माफी मागितली आणि चमचा तोंडात घातला.

काहीच नाही. गरम आणि दाट, बस्स. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. शब्द मोडला तो मोडला, वर कळलं काहीच नाही.

डोळे उघडले तर दारात इंग्रिड. ती चमच्याकडे बघत होती.

"आय कान्ट स्मेल," तो म्हणाला. "सॉरी. आय कान्ट स्मेल एनिथिंग."

ती चिडेल असं त्याला वाटलं. तिने ग्लासभर पाणी आणलं, त्याला सिंकपाशी नेलं आणि म्हणाली, "चूळ भर."

"मला चव लागलीसुद्धा नाही, इंग्रिड."

"मी ते विचारलं नाही. भर."

तो चुळा भरत होता आणि रडत होता. ती पाठीवर हात ठेवून उभी होती. मग तिने रस्सा चाखला, तोंड वाकडं केलं आणि अख्खं पातेलं ओतून दिलं. बाहेर जाऊन सांगून आली की मीटबॉलना वेळ लागेल, तोवर बीअर प्या.

"आजपासून चाखणार मी," ती म्हणाली. "तू रांध."

नवा रस्सा उकळला. तिने चमचा तोंडात घातला. "मीठ."

"किती?"

"मला काय विचारतोस? आचारी तू."

त्याने चिमूट सोडली, ढवळलं. तिने पुन्हा चाखलं आणि डोळे मिटले. इतकी वर्षं तो पातेल्यात बघत आला होता. आपल्या हातचं खाताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे त्याने आज पहिल्यांदा नीट पाहिलं.