हिरवा टिपका

आमच्या जुन्या मोटारीची सडलेली दारं बदलली, तेव्हापासून इतवारीतल्या एका रंगाऱ्याकडे माझं रोजचं जाणं सुरू झालं. मी काही विचारायच्या आधीच तो करंगळीचं नख दाराला टेकवून म्हणायचा, "वाळून राह्यलं जी." आठवडाभर हेच. घाई केली की मुद्दाम, दार लावल्यावर कुणालाही न दिसणाऱ्या कडा रंगवत बसायचा. मला चीड यायची, तरी मी बघत उभा राहायचो.

बसवलेली दारं मोडीत गेलेल्या एका हिरव्या गाडीची होती. आमच्या गाडीसारखं सगळं काळं झालं, आतली लाकडी पट्टीही चकाकली; पण आतल्या बाजूला खिडकीखाली रुपयाएवढा हिरवा टिपका तसाच.

"हा काहून सोडला?" मीही त्याच्याच बोलीवर आलो.

"दुसऱ्या घरून आली जी दारं. थोडं माहेर राहू द्या त्याहिले."

त्याच गाडीतून आम्ही रामटेकहून नवी सून आणली. वाटभर ती खिडकीशी टेकून बसली होती. तिचं बोट टिपक्यावर फिरताना दिसलं, तेव्हा मी रंगाऱ्याचं बोलणं सांगितलं. ती खुदकन हसली.

काही वर्षांनी गाडी पुन्हा रंगवायला काढली, तेव्हा सूनबाई टिपक्यावर तळहात ठेवून उभी राहिली. रंगारी तिच्या बोटांच्या कडेकडेनं, हसत, ब्रश फिरवत राहिला.