चिकाची वाटी

आमच्या वडूजची सुईण कामाशिवाय कुणाच्याच घरी बसत नसे. दारात उभ्यानेच बोलायची, आणि बाळंतिणीचं काहीही सांगताना दाखला मात्र गोठ्यातला द्यायची.

माझी लेक सातव्या महिन्यातच झाली. हे लढाईवर होते. पहिलं पिवळं दूध बाळाला बाधतं म्हणून सासूबाईंनी मला ते वाटीत पिळायला लावलं आणि वाटी घेऊन मोरीकडे निघाल्या. सुइणीने त्यांचा हातच धरला.

"आवं, वासराला आदी चीक पाजता, आन् लेकराचा तेवढा मोरीत वतता व्हय?"

लेकीला ओढायचीही ताकद नव्हती. कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजत सुइणीने तिला जगवलं. महिनाभर रोज यायची.

"जगंल, पर डोस्क्यानं अधूच ऱ्हाईल," सासूबाई म्हणायच्या. एरवी फाडकन उत्तर देणारी सुईण यावर मात्र गप्प राही. मला त्या गप्प राहण्याचीच धास्ती वाटे.

परवा सात वर्षांची लेक ओट्यावर एकोणतीसचा पाढा म्हणत होती. सुईण दारात थबकली. तिला स्वतःला विसाच्या पुढे मोजता येत नाही.

"बरुबर हाय का गं?" तिने हळूच विचारलं.

"एकदाही चुकली नाही."

"मग वाईच टेकते," म्हणत ती आमच्या उंबऱ्यावर मटकन बसली.